दयेला जयणेची जोड

वैशाखाचे ऊन तापू लागले की वसई-विरारच्या घरोघरी गॅलरीत पाण्याने भरलेले मातीचे परळ दिसू लागतात. तुंगारेश्वरच्या रानातून, वसईच्या वाड्यांतील बावखलांच्या काठावरून दयाळ, बुलबुल, मैना तेथे उतरतात. त्यांची तहान आपल्याला दिसते. त्यांच्या देहात वसणारे जीव मात्र दिसत नाहीत.

रानपक्ष्यांच्या शरीरात गोलकृमी व पट्टकृमी आढळणे ही निसर्गातील नित्याची गोष्ट आहे. मैना व कस्तूर या कुळांतील पक्ष्यांच्या श्वासनलिकेत राहणारा 'सिंगॅमस' हा तांबडा कृमी त्यांपैकीच एक. मादी सुमारे २ सेंटीमीटरपर्यंत वाढते. इवलासा नर तिला जन्मभर चिकटून असतो. ज्या नलिकेच्या तळाशी पक्ष्याचे गाणे उमटते, तेथेच या कृमींची दाटी झाली तर पक्षी चोच वासून धापा टाकतो, मान झटकतो. पिलांचा तर जीवही जातो.

कृमीची अंडी खोकल्याबरोबर घशात येतात, गिळली जातात आणि विष्ठेतून मातीत पडतात. ओलसर मातीत एक-दोन आठवड्यांत त्यांत अळी तयार होते. ती गांडुळाच्या किंवा गोगलगायीच्या देहात दीर्घकाळ टिकते आणि त्यांना टिपणाऱ्या पक्ष्याच्या पोटात जाते. दूषित दाण्यापाण्यातूनही ती थेट पोहोचू शकते.

येथे आपला संबंध येतो. रानात विखुरलेले पक्षी आपल्या दाण्यापाण्याभोवती एकत्र येतात. चार दिवसांचे पाणी, विष्ठेने माखलेला परळ, ओलसर दाण्यांचा ढीग यांमुळे दयेच्या हेतूने मांडलेले अन्नच व्याधीची वाट ठरते.

कृमी द्वींद्रिय, पक्षी पंचेंद्रिय, जीव दोन्ही. कोणाचा पक्ष घ्यावा, हा प्रश्न मनाला बोचतो. परंतु स्वच्छता हा असा मार्ग आहे की ज्यात व्याधी पसरण्याआधीच थांबते. म्हणून परळ रोज घासून उन्हात वाळवावा, गाळलेले ताजे पाणी भरावे, दाणे त्या दिवशी संपतील इतकेच टाकावेत, जागा कोरडी ठेवावी व अधूनमधून बदलावी. धापा टाकणारा पक्षी आढळल्यास घरगुती औषध देऊ नये, पिंजऱ्यातही ठेवू नये, वनविभागाला कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचेही आपल्याला तेच सांगणे आहे.

दया हृदयात उपजते. जयणा मात्र रोज सकाळी हातांनी आचरावी लागते. परळ घासणारा हातही दानच करीत असतो.