द्राक्षाची नोंद आहे, आईच्या गोळीची आहे का?



तासगाव-मिरज भागातल्या द्राक्ष बागायतदाराला शेवटची फवारणी कधी झाली म्हणून विचारा. तो लगेच वही काढतो. औषध, मात्रा, तारीख सगळं लिहिलेलं. पण घरची आई रोज रात्री कुठली गोळी घेते आणि किती महिने, हे विचारलं की तो गप्प होतो.

अशाच एका घरी चहाला बसलो होतो. आजी दोन पायऱ्या चढल्या तरी धापा टाकत होत्या, कोरडा खोकला होता. "वय झालं, दुसरं काय!" घरचे म्हणाले. लघवीला वारंवार जळजळ होते म्हणून लिहून दिलेली गोळी त्या दीड वर्ष घेत होत्या. चिठ्ठी जुनीच, पाकीट मात्र दर महिन्याला नवं.

गोळीचं नाव नायट्रोफ्युरँटॉइन. १९५३ पासून वापरात असलेलं हे चांगलं प्रतिजैविक आहे. पाच-सात दिवसांच्या कोर्सला घाबरू नका. वारंवार त्रास होणाऱ्यांना ते कमी मात्रेत काही महिनेही देतात. मात्र सहा महिन्यांच्या पुढे रोज घेतल्यास मोजक्या रुग्णांच्या, विशेषतः वयस्कर बायकांच्या फुफ्फुसांना सूज येते आणि पुढे ती घट्ट होत जातात. हे हळूहळू होतं, म्हणून दमा किंवा धुळीचा त्रास समजून दुर्लक्ष होतं. क्वचित सुरुवातीच्या काही दिवसांतच ताप, खोकला आणि धाप लागते. वेळीच गोळी थांबवली तर बहुतेकांना आराम पडतो. उशीर झाला तर काही इजा कायमची राहते.

तेव्हा एवढं करा. गोळी सुरू केल्याची तारीख लिहून ठेवा. जुन्या चिठ्ठीवर परस्पर गोळ्या आणू नका. खोकला किंवा धाप सुरू झाली तर पाकीट घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि किती महिने घेतली ते सांगा.

मुळाकडेही बघा. भांगलणीला, ऊसतोडीला गेलेल्या बाया आडोसा नाही म्हणून पाणी कमी पितात, लघवी रोखून धरतात. त्यातून हा त्रास वाढतो. बांधावर चार बांबू आणि तरटाचा आडोसा करायला किती खर्च येतो?

त्या आजींची गोळी डॉक्टरांनी बदलली. आता त्या अंगणापर्यंत न थांबता येतात. आज संध्याकाळी फवारणीची वही काढाल, तेव्हा एक पान आईच्या नावाने ठेवा.