टाका तुमचा, शिवण आमची

नाताळ डिसेंबरात येतो, पण अमेरिकेतल्या नीडलपॉइंटच्या दुकानांत त्याची मुदत उन्हाळ्यातच संपत आलेली असते. यंदाच्या नाताळासाठी फिनिशिंगची कामे अमुक तारखेपर्यंतच घेतली जातील, अशी सूचना लागते आणि ती तारीख बहुधा जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यानची असते. ऑक्टोबरात नातवासाठी भरलेला मोजा घेऊन येणाऱ्या आजीबाईंना पुढच्या वर्षीचा वायदा मिळतो. हा मोजा पायात घालायचा नसतो; सांताक्लॉजने त्यात खाऊ टाकावा म्हणून तो टांगून ठेवायचा असतो. आजीबाईंचे भरतकाम कधीच पुरे झालेले असते. अडलेले असते ते पाठ जोडणे, अस्तर लावणे, काठाला दोरी शिवणे आणि अडकवायला कडी करणे. एवढ्यासाठी लोक महिनोन्‌महिने थांबतात आणि वर चांगले पैसेही मोजतात.

हौसेतून जोडधंदा करायचा तर पैसा नेमका कुठे हाती लागतो, हे इतके स्वच्छ दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. म्हणून हा लेख नीडलपॉइंटवर, आपल्याकडे ही कला करणारे फारसे नसले तरी.

नीडलपॉइंट म्हणजे कडक, जाळीदार सुती कॅनव्हासवरचे भरतकाम. आपण मॅटीच्या कापडावर कोपऱ्यात एखादी वेल भरतो आणि बाकीचे कापड मोकळे सोडतो. इथे कॅनव्हास कुठेही दिसता कामा नये. उभा-आडवा धागा जिथे एकमेकांना छेदतो, अशा प्रत्येक ठिकाणी एक तिरका टाका पडतो. जाळीचा बारीकपणा इंचात किती धागे, यावर ठरतो; १३ आणि १८ ही मापे जास्त चालतात. १८च्या जाळीत चौरस इंचाला ३२४ टाके बसतात, १३च्या जाळीत १६९. आता चौदा इंची चौरस उशीचा हिशेब करा. १३ची जाळी घेतली तर १८२ गुणिले १८२, म्हणजे ३३,१२४ टाके. चौरस इंचाला अर्धा तास धरला तरी शंभर तासांच्या आसपास काम झाले. अमेरिकेचे केंद्रीय किमान वेतन २००९पासून ताशी सव्वासात डॉलर आहे. त्या दराने नुसत्या भरण्याचेच सातशेच्या वर डॉलर होतात. दोरे, कॅनव्हास आणि शिवण वेगळी. एवढे मोजून उशी घेणारे गिऱ्हाईक शोधून सापडत नाही. उलट जुन्या वस्तूंच्या दुकानांत कुणाच्या तरी आजीने भरलेल्या देखण्या उशा किरकोळ दरात पडून असतात.

याचे कारण साधे आहे. भरणे हाच इथे गिऱ्हाइकाचा विरंगुळा आहे. त्यासाठी ते पैसे मागत नाही, स्वतःच मोजते. विकायला उरते ते भरण्याच्या आधीचे आणि नंतरचे काम: आधी रंगवलेला कॅनव्हास, नंतर फिनिशिंग.

ही वाटणी जुनी आहे. १८०४च्या सुमारास बर्लिनमध्ये चौकटीच्या कागदावर छापलेले, हाताने रंगवलेले नमुने विक्रीला आले. एक चौकोन म्हणजे एक टाका. त्याबरहुकूम लोकर भरत जायची. काही वर्षांत विटिख नावाच्या प्रकाशकाने अधिक सुबक नमुने काढले आणि पुढे कित्येक दशके ‘बर्लिन वूलवर्क’ने युरोप-अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरांतल्या उशा, खुर्च्या आणि सपाता व्यापून टाकल्या. कमावले नमुने छापणाऱ्यांनी आणि लोकर विकणाऱ्यांनी. भरणाऱ्या बायका गिऱ्हाईकच राहिल्या.

भरण्यावर पोट चालावे, असे प्रामाणिक प्रयत्नही झाले. १८७२ साली लंडनमध्ये, पुढे रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्क म्हणून नावारूपाला आलेली संस्था सुरू झाली. शिकल्या-सवरलेल्या पण पैशाने अडलेल्या स्त्रियांना मानाने कमावता यावे, हा तिच्या उद्देशांपैकी एक. तिचे काम १८७६च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात पाहून कँडेस व्हीलर या अमेरिकन बाईंनी दुसऱ्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सोसायटी ऑफ डेकोरेटिव्ह आर्ट उभी करण्यात पुढाकार घेतला. पण तिथे फक्त वरच्या दर्जाची कलाकुसर स्वीकारली जाई. साधे काम करणाऱ्या बायकांना दारातूनच परत जावे लागे. मग १८७८ साली न्यूयॉर्क एक्स्चेंज फॉर विमेन्स वर्क निघाले. तिथे घरी केलेले खाण्याचे पदार्थसुद्धा विकता येत. व्हीलरबाईंनी स्वतः नाव आणि पैसा मिळवला तो मात्र कापडाच्या आणि भरतकामाच्या डिझाइनमधून, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

विसाव्या शतकात लंडनच्या त्याच संस्थेत शिकलेली एरिका विल्सन अमेरिकेत आली. तिने पुस्तके लिहिली, किट काढली, दुकाने थाटली आणि १९७०च्या दशकात टीव्हीवर धडे दिले. टाके घालण्यापेक्षा टाके शिकवण्यावर तिचा संसार जास्त चालला असणार. त्याच काळात रोझी ग्रिअर या धिप्पाड फुटबॉलपटूने पुरुषांसाठी नीडलपॉइंटचे पुस्तक लिहिले, १९७३ साली. ते आजही लोक गमतीने, पण आदराने दाखवतात. अलीकडचे नाव स्मॅदर्स अँड ब्रॅन्सन. दोन कॉलेजमित्रांनी २००४ साली काढलेली ही कंपनी नीडलपॉइंटच्या कंबरपट्ट्यांवर मोठी झाली. करोनाच्या काळात घरी अडकलेल्या तरुण मुली या छंदाकडे वळल्या, दुकानांत गर्दी वाढली आणि भरून झालेल्या कॅनव्हासचा ढीग फिनिशरांच्या दारी येऊन पडला.

त्या ढिगातला कॅनव्हास बहुधा वाकडा असतो. सगळे टाके एकाच दिशेने तिरके असल्याने चौकोन ओढला जाऊन पतंगासारखा होतो. ‘बास्केटवीव्ह’ पद्धतीने, म्हणजे तिरक्या ओळींत वर-खाली जात भरले तर हा ताण बराच टळतो. ‘कॉन्टिनेंटल’ पद्धतीने आडव्या ओळी भरल्या की हमखास वाकतो. फिनिशरचे पहिले काम त्याला सरळ करण्याचे. चौकटी आखलेल्या लाकडी फळीवर कॅनव्हास ओलसर करून ताणायचा, न गंजणाऱ्या पिना जवळजवळ टोचायच्या आणि पूर्ण वाळू द्यायचा. कॅनव्हासची खळ ओलाव्याने मऊ पडते आणि वाळताना नव्या आकारात धरते. फार वाकडा असेल तर हे दोन-तीनदा करावे लागते.

ओलावा लावण्याआधी एक पांढरे फडके ओले करून लाल आणि गडद निळ्या टाक्यांवर दाबून पाहायचे. रंग उतरला तर पाणी लावायचेच नाही. आखणीची शाई किंवा कच्च्या रंगाचे रेशीम फुटले, तर गिऱ्हाइकाचे शंभर तास एका मिनिटात जातात आणि ते कुठूनही भरून देता येत नाहीत. साडी खराब झाली तर निदान किमतीवर बोलता येते. इथे किंमत कशी लावणार?

मग कापणे. कॅनव्हासचे धागे सुटतात, म्हणून आधी भोवती मशीनची शिलाई घालायची, मागून शिंप्यांचा चिकटणारा कॅनव्हास लावायचा आणि शिवणीपुरती जागा ठेवून कात्री चालवायची. शिवण भरलेल्या शेवटच्या ओळीतून जायला हवी. एक धागा बाहेर गेली तर काठावर पांढरा कॅनव्हास डोकावतो, एक धागा आत गेली तर चित्रातला ससा कानाविना राहतो. मोज्याच्या टाचेपाशी वळण असल्याने तिथे शिवणीला काप द्यावे लागतात, पण फार जवळून दिले तर सुटतात. मागे मखमल किंवा स्वेडसारखे कापड, आत अस्तर. उशीत भरायची गादी अभ्र्यापेक्षा इंच-दोन इंच मोठी घेतात, नाहीतर कोपरे लोंबतात.

नाताळच्या झाडाला टांगायच्या छोट्या गोल ऑर्नमेंटची खरी परीक्षा दोरीत होते. भरायला वापरलेल्याच रंगाचे दोरे घेऊन त्यांना कडक पीळ द्यायचा आणि मधोमध दुमडले की ते आपोआप उलट पिळात गुंफले जातात. ही दोरी काठाभोवती हाताने टाचायची. तिचे दोन्ही शेंडे जिथे मिळतात तो सांधा कळू न देणे, हीच कारागिरी. बरेच जण तिथे रिबनचे फूल लावून मोकळे होतात, आणि त्यात काही वावगे नाही.

दर? साध्या ऑर्नमेंटचे फिनिशिंग साधारण पन्नास-साठ डॉलरांच्या पुढे, मोज्याचे शंभर-दीडशेच्या पुढे. दोरी, गोंडे, पायपिंग, झिप यांचे पैसे वेगळे. हे सगळे आधी छापलेल्या दरपत्रकात असावे. काम घेताना पावती लिहायची, दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे, मापे नोंदवायची आणि रंग उतरला तर काय करायचे ते गिऱ्हाइकाकडून आधीच सही करून घ्यायचे. हे कंटाळवाणे वाटते, पण ज्यांचे नाव टिकते ते सगळे हे करतात.

आपल्याकडे हेच काम गल्लोगल्ली चालते. ‘फॉल-बिडिंग करून मिळेल’ अशी पाटी लावून बसलेल्या बाईचा धंदा वेगळा काय आहे? साडी दुसऱ्याने विणली, तिसरीने विकत घेतली. पण फॉल लावल्याशिवाय ती नेसायला निघत नाही. पदराचे गोंडे तर आता साडीच्या तोडीची हौस झाली आहे. याउलट ब्लाउजवर आरीचे काम करणारी पोरगी चार-चार दिवस वाकून भरते आणि घासाघीस ऐकते. मला वाटते, हाताने भरणाऱ्या आपल्या बायकांनी फॉलवालीकडे जरा निरखून पाहावे. घराघरांत आईने, आत्याने मॅटीवर भरलेले मोर, क्रोशाचे रुमाल, अर्धवट राहिलेल्या चादरी कपाटात घडी करून पडल्या आहेत. त्यांना नीट धुऊन, सरळ करून, उशी, फ्रेम किंवा पिशवीत बसवून देणारी व्यक्ती शहरात शोधून पाहा.

आता भरण्याआधीचे काम. डिझाइनची बाजू दिसायला आकर्षक आणि चालवायला अवघड. कॅनव्हासवर नुसते चित्र छापून भागत नाही. रंगांची हद्द छेदावर न पडता दोन छेदांच्या मध्येच पडली पाहिजे, म्हणजे भरणाऱ्याला इथे कोणता रंग, असा प्रश्न पडत नाही. असा छेद-छेद रंगवलेला कॅनव्हास अॅक्रिलिक रंगांनी तयार करायला काही तास जातात. छोट्या कॅनव्हासची किंमत पन्नास-साठ डॉलर आणि मोठ्याची शेकड्यांत असते. पण दुकाने घाऊक भावाने, म्हणजे साधारण निम्म्याने घेतात. समजा, ऐंशी डॉलरचा कॅनव्हास आहे. तुमच्या हाती चाळीस आले. त्यातून कॅनव्हास, रंग आणि तीन तास वजा करा. म्हणून डिझाइनर स्वतः मूळ नमुना करतात आणि प्रती रंगवून घ्यायला इतर हात शोधतात. एट्सी या हस्तकलेच्या ऑनलाइन बाजारात थेट विकायचे तर प्रत्येक नोंदीचे वीस सेंट, विक्रीवर साडेसहा टक्के आणि वर पैसे वळते करण्याचे शुल्क जाते, पण उरलेले आपले.

कॅनव्हास विकत घेतला म्हणजे तो भरायचा हक्क मिळतो, त्याची नक्कल करून विकायचा नाही. विद्यापीठांची बोधचिन्हे फार खपतात, पण त्यांचा परवाना लागतो. १९२८च्या ‘स्टीमबोट विली’तला मिकी २०२४ साली अमेरिकेत हक्कमुक्त झाला, पण नंतरचा रंगीत मिकी त्याबरोबर मोकळा झाला असे समजणे धोक्याचे.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक इशारा. एच-४ व्हिसावर असाल तर कामाची परवानगी हाती येईपर्यंत घरबसल्या पैसे घेऊन फिनिशिंग करणेही महागात पडू शकते. ही परवानगी २०१५पासून काही एच-४ धारकांना मिळू लागली, पण सगळ्यांना नाही. पती किंवा पत्नीच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया कुठवर आली आहे, यावर ते अवलंबून असते. एच-१बी असलेल्यांना मंजूर मालकाखेरीज इतरत्र कमावता येत नाही, म्हणजे शनिवार-रविवारचा जोडधंदाही नाही. वकिलाला विचारल्याशिवाय पहिली पावतीही फाडू नये. परवानगी असेल तर करखात्याचे दोन नियम लक्षात ठेवा. स्वतःच्या धंद्याचा निव्वळ नफा ४०० डॉलर झाला की स्वयंरोजगाराचा कर लागू होतो. आणि पाच वर्षांपैकी तीन वर्षे नफा दाखवलात तर तुमची हौस धंदा मानली जायला मदत होते. नाहीतर खर्च वजा करण्यावर प्रश्न येतात.

सुरुवात जवळच्या दुकानापासूनच होते, कारण गिऱ्हाईक भरलेला कॅनव्हास तिथेच आणून देते आणि दुकान आपला वाटा ठेवून काम फिनिशरकडे पाठवते. दुकानदाराला दाखवायला एक गोल ऑर्नमेंट आणि एक पायपिंगची उशी पुरे. तो उशीचे कोपरे दाबून पाहील, ऑर्नमेंट उलटे करून दोरीचा सांधा शोधेल. महिन्याला किती नग जमतील ते कमीच सांगावे. कंबरपट्टे पहिल्या वर्षी घेऊ नयेत: चामडे शिवायला वेगळे मशीन लागते, आणि ते घेण्याइतकी कामे त्या दुकानाकडून येतील की नाही, हे वर्षभर उशा शिवल्यावरच कळते.