पेट्रोलच्या करातून रस्ते

रस्त्यांसाठी पेट्रोलवर कर बसवणारे अमेरिकेतले पहिले राज्य ओरेगन. १९१९ साली, गॅलनमागे एक सेंट.

कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्याने आपला कर गॅलनमागे १२ सेंटांनी वाढवला. तो रद्द करण्याचा प्रस्ताव २०१८ साली मतदारांनीच फेटाळला! कराचा काही भाग शहरांना मिळतो. पण कोणते रस्ते दुरुस्त करणार, याची यादी शहराने आधी राज्याच्या आयोगाला द्यायची. ही अट मला फार पटली. विजेच्या मोटारी पेट्रोल घेत नाहीत, म्हणून त्यांच्यावर २०२० साली १०० डॉलरांची वार्षिक फी आली.

फुटपाथवरही हा पैसा खर्चता येतो. मात्र राज्याच्या जुन्या कायद्याने घरापुढचा फुटपाथ घरमालकाने सांभाळायचा. म्हणजे मोटारीपुढचा खड्डा शहर बुजवणार, आणि शाळेला चालत जाणाऱ्या मुलाने मुळांनी उचललेल्या फुटपाथसाठी घरमालकाकडे बघायचे.