ट्विन कॅम इंजिनातील आतली कॅम बेअरिंग

हार्ली-डेव्हिडसन कंपनीने १९९९ सालच्या मॉडेलांपासून वापरात आणलेल्या ‘ट्विन कॅम ८८’ इंजिनात ४५ अंशांच्या कोनात मांडलेले दोन सिलिंडर असून त्यांच्या व्हॉल्व्हची उघडझाप दोन स्वतंत्र कॅम करतात. त्याआधीच्या ‘इव्होल्यूशन’ बिग ट्विनमध्ये हे काम गिअरने फिरणाऱ्या एकाच कॅमकडे होते. कॅम म्हणजे ठरावीक जागी उंचवटे असलेला दांडा. क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे त्याची एक फेरी होते आणि त्या फेरीत प्रत्येक उंचवटा आपल्या टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला ढकलतो आणि पुशरॉड वरच्या रॉकरमार्फत स्प्रिंगच्या दाबाविरुद्ध व्हॉल्व्ह उघडतो. तो दाब त्याच मार्गाने उलट खाली येऊन शेवटी कॅमच्या दोन टोकांवर विसावतो. बाहेरचे टोक ज्या अॅल्युमिनियमच्या आधारपट्टीत बसते ती बोल्ट सोडून बाहेर काढता येते, आतले टोक मात्र थेट क्रँककेसच्या भिंतीत दाबून बसवलेल्या नीडल बेअरिंगमध्ये फिरते.

नीडल बेअरिंगमध्ये गोळ्यांऐवजी सुईसारखे बारीक, लांबट रोलर असतात. १९९९ ते २००६ या काळातील बहुतेक ट्विन कॅम इंजिनांत मूळचे बेअरिंग पिंजऱ्याचे, म्हणजे प्रत्येक रोलरला पातळ चौकटीत वेगळे धरून ठेवणारे असते. हा पिंजरा जर्मनीतील ‘आयएनए’ कंपनीचे गेऑर्ग शेफलर यांनी १९४९ मध्ये विकसित केला आणि जास्त वेगात रोलर तिरके होऊन अडकण्याची अडचण त्याने दूर केली. पिंजरा मात्र स्वतः जागा व्यापत असल्यामुळे तेवढ्याच घेरात रोलर कमी मावतात. ८८ घनइंचांचे, म्हणजे सुमारे १४५० सीसीचे इंजिन सिलिंडर मोठे करून ९५ घनइंचांचे, म्हणजे सुमारे १५५० सीसीचे केले जाते, तेव्हा सहसा व्हॉल्व्ह अधिक उचलणारे कॅम आणि अधिक ताठ स्प्रिंगही बसवल्या जातात. मग कॅमचा वेग तोच राहूनही बेअरिंगवरचा भार वाढतो. भार मोठा आणि वेग बेताचा अशा ठिकाणी पिंजरा नसलेले, रोलरांनी काठोकाठ भरलेले जुन्या पद्धतीचे बेअरिंग सरस ठरते. कारागीर ज्याला अजूनही ‘टॉरिंग्टन’ म्हणतात ते बी-१४८ बेअरिंग याच जातीचे आहे. त्याच्या क्रमांकातील १४ आणि ८ हे इंचाचे सोळांश असल्यामुळे ७/८ इंच व्यासाच्या दांड्यासाठीचे अर्धा इंच रुंद बेअरिंग, असा त्याचा अर्थ लागतो. कनेक्टिकटमधील टॉरिंग्टन कंपनी २००३ मध्ये टिमकेनकडे गेली आणि पुढे तो नीडल बेअरिंगचा व्यवसाय कोयोच्या नावाखाली आला, तरी कारखान्यांतील बोली बदललेली नाही.

पुशरॉड काढून, टॅपेट चुंबकांनी वर धरून, कॅमचे झाकण, कॅम फिरवणाऱ्या साखळ्या आणि आधारपट्टी कॅमसह बाहेर घेतल्यावर ही दोन्ही बेअरिंग दिसू लागतात. इंजिन दुभंगल्याशिवाय ती मागून ठोकून काढण्याची सोय नसल्यामुळे समोरूनच ओढणारा पुलर वापरावा लागतो: त्याची चिरलेली नळी बेअरिंगमधून पलीकडे जाऊन फुलते, तिची कड मागच्या काठाला पकडते आणि नट आवळत गेल्यावर बेअरिंग सरळ रेषेत बाहेर येते. या टप्प्यावरचा खरा धोका सुट्या रोलरांचा असतो, कारण पातळ कवच फाटले तर ते निखळून इंजिनात पडू शकतात. म्हणून जाणता कारागीर ओढण्यापूर्वी बेअरिंगमध्ये घट्ट ग्रीस भरतो, आजूबाजूची तोंडे तंतू न सोडणाऱ्या कापडाने बंद करतो आणि बाहेर आलेले बेअरिंग बाजूला टाकण्याआधी त्यातील प्रत्येक रोलर जागेवर असल्याची खात्री करून घेतो.

नवे बेअरिंग हातोड्याने ठोकून का बसवत नाहीत, याचे कारण त्याच्या घडणीत आहे. त्याचे बाहेरचे कवच पातळ पोलादी पत्र्याचे असल्याने ते स्वतःच्या बळावर गोल राहत नाही, तर ज्या भोकात दाबले जाते त्या भोकाचाच गोलपणा घेते. भोकाला ओरखडा असेल किंवा कवच तिरके शिरले तर तो दोष कायमचा आत राहतो. त्यामुळे भोक आधी स्वच्छ करून तपासले जाते, आणि क्रमांक छापलेली मजबूत कड बाहेर ठेवून त्याच कडेवर स्क्रूच्या साधनाने संथ, समान दाब दिला जातो. शिवाय या बेअरिंगला आतली कडी नसते, रोलर थेट कॅमच्या दांड्यावर धावतात. जुना दांडा खरवडलेला असेल तर नवे बेअरिंगही फार टिकणार नाही.

नंतर नवे कॅम त्यांच्या खुणा जुळवून आधारपट्टीत बसवले जातात, रोलरांना जोडणीचे तेल लावले जाते आणि कॅम हाताने अडखळ न येता फिरतो का, हे पाहिले जाते. आधारपट्टीचे बोल्ट आधी सैल ठेवून, क्रँक फिरवत तेलपंप मध्यावर आणल्यावरच ते घट्ट करतात. पुशरॉड जुळवल्यानंतर हायड्रॉलिक टॅपेटमधील तेल दाबून निघेपर्यंत, म्हणजे पुशरॉड बोटांनी फिरवता येईपर्यंत, इंजिन फिरवायचे नसते, अन्यथा व्हॉल्व्ह अर्धवट उघडे राहून पिस्टनला लागण्याची भीती असते.

बेअरिंग बदलल्याने अश्वशक्ती वाढत नाही आणि शक्ती मोजणाऱ्या डायनोच्या आलेखावर त्याची काही खूण उमटत नाही. तरीही हे काम कॅम बदलण्याचाच भाग मानले जाते, कारण शक्ती वाढवणे म्हणजे भार पुढच्या दुव्यावर सरकवणे होय, आणि तो दुवा इंजिन आधीच उघडे असताना बदलण्याचा खर्च दोन बेअरिंगच्या किमतीपुरता असतो. तोच दुवा नंतर निकामी झाला तर पुन्हा सारे काढण्याची मजुरी, नव्या कॅमची किंमत आणि तेलातून पसरलेल्या पोलादाच्या कणांनी तेलपंपाचे केलेले नुकसान, असे तिन्ही खर्च एकदम अंगावर येतात.