‘इमर्जन्सी’ : शब्दाचा अर्थ आणि त्याची मर्यादा

इंग्रजीतून मराठीत आलेल्या आणि आता परके न राहिलेल्या शब्दांत ‘इमर्जन्सी’ ह्या शब्दाची गणना करावी लागेल. रुग्णालयाच्या दारावर तो तांबड्या अक्षरांत दिसतो, आगगाडीच्या खिडकीवर रंगविलेला असतो आणि कचेरीतील कारकुनाच्या रजेच्या अर्जातही आढळतो. शाळेची पायरी न चढलेली आजीबाईसुद्धा, सुनेला कळा सुरू झाल्या की, रिक्षावाल्यास ‘इमर्जन्सी आहे’ असेच सांगते. शब्द इतका रुळला म्हणजे त्याच्या अर्थाची चौकशी करण्याची गरज कोणास वाटत नाही. तथापि ज्या शब्दाने बंद दारे उघडतात, धावत्या गाड्या थांबतात आणि प्रसंगी नागरिकांचे हक्कही स्थगित होतात, त्या शब्दाचा अर्थ सैल राहणे समाजाला परवडण्यासारखे नाही.

ह्या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘मेर्गेरे’ म्हणजे बुडणे किंवा बुडविणे, आणि त्यामागे ‘बाहेर’ ह्या अर्थाचा उपसर्ग लागून झालेले ‘एमेर्गेरे’ म्हणजे बुडालेली वस्तू पाण्याबाहेर वर येणे. सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला, तेव्हा वर येण्याची क्रिया आणि अकस्मात उद्भवलेला प्रसंग असे दोन्ही अर्थ त्यात नांदत होते. पुढे ‘इमर्जन्स’ आणि ‘इमर्जन्सी’ अशी दोन भावंडे विभक्त झाली. पहिल्याकडे उदयाचा अर्थ गेला, दुसऱ्याकडे संकटाचा. पाण्याचा पृष्ठभाग शांत असावा आणि खालून एकाएकी काहीतरी उसळून वर यावे, असे चित्र ह्या शब्दाच्या पोटात दडलेले आहे.

शेजारच्या भाषांनी हेच चित्र निरनिराळ्या प्रकारे पाहिले, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी माणसांच्या नित्य परिचयाची आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडील हिंदीत ह्या अर्थी ‘आपात’ हा शब्द योजतात. त्याचा धातू ‘पडणे’ ह्या अर्थाचा आहे. म्हणजे इंग्रजीत जे खालून वर येते, तेच संस्कृतोद्भव शब्दात वरून अंगावर कोसळते! बडोद्यास गुजराती माणूस ‘कटोकटी’ म्हणतो. बेळगावकडील कानडीत ‘तुर्तु परिस्थिती’ म्हणतात, आणि तो शब्द कानी पडताच मराठी माणसास आपल्या ‘तूर्त’ची आठवण होते. हैदराबादेस तेलुगू बोलणारे ‘अत्यवसर परिस्थिती’ म्हणतात, तर उर्दूत ‘हंगामी हालत’ असा प्रयोग आहे. मराठीत ‘हंगामी’ म्हणजे काही काळापुरते, आणि हा काही काळापुरतेपणाचा धागा पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे. मराठीने मात्र ‘आणीबाणी’ हा आपला शब्द पुढे केला आणि भारताच्या संविधानाच्या मराठी पाठातही तोच स्वीकारला गेला.

नुसत्या प्रतिशब्दाने अर्थाचा उलगडा होत नाही. घाई, निकड, तातडी, संकट, आपत्ती आणि आणीबाणी ह्या शब्दांना मराठीत आपापली जागा आहे. गाडी चुकेल म्हणून होते ती घाई. सावकाराचा हप्ता भरावयाचा असतो ती निकड. उद्या शेवटची तारीख असलेला अर्ज आज पाठविणे ही तातडी. दुष्काळ हे संकट आहे, भूकंप ही आपत्ती आहे. ‘इमर्जन्सी’ म्हणावयाची, तर मात्र चार लक्षणे एकत्र यावी लागतात. प्रसंग अकल्पित असावा, अथवा त्याची वेळ तरी अकल्पित असावी. त्यात जीव, शरीर वा सर्वस्व ह्यांना धोका असावा. उपाय तत्क्षणी न झाल्यास नुकसान भरून न येण्यासारखे असावे. आणि नित्याच्या रीतीने, रांगेत उभे राहून, तो उपाय होण्याजोगा नसावा. ह्या चारांतील शेवटचे लक्षण सर्वांत महत्त्वाचे होय. ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारणारा मनुष्य वस्तुतः ‘नेहमीचा नियम क्षणभर बाजूस ठेवा’ अशी मागणी करीत असतो.

ह्या मागणीला समाजाने रीतसर वाट कशी करून दिली, ह्याचे एक उदाहरण लंडन शहरात सापडते. १९३५ च्या नोव्हेंबरात तेथील विम्पोल स्ट्रीटवरील एका घरास आग लागून पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. समोर राहणाऱ्या एका गृहस्थाने अग्निशामक दलास दूरध्वनी करण्याचा प्रयत्न केला, परंतु इतर सर्व मागण्यांबरोबर त्याचीही मागणी केंद्रावर रांगेत ताटकळली. आगीची हाक आणि सामान्य चौकशी ह्यांत भेद करण्याचे साधनच केंद्रातील सेवकांपाशी नव्हते. ह्या दुर्घटनेनंतर चौकशी झाली आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. तो फिरविताच केंद्रात तांबडा दिवा लागे व कर्कश भोंगा वाजे, आणि हातातील काम टाकून सेवक तिकडे वळत. भारतात १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली व पुढे ती अनेक राज्यांत पसरली. पोलीस, अग्निशामक दल आणि वैद्यकीय साहाय्य ह्या सर्वांसाठी ११२ हा एकच क्रमांक त्यानंतर देशभर योजण्यात आला. ह्या सर्व योजनांचे मर्म एकच आहे. रांग मोडण्याचा अधिकार काही थोड्या हाकांना द्यावयाचा, आणि त्या थोड्याच राहतील अशी दक्षता घ्यावयाची.

विमाने आणि जहाजे ह्यांच्या बिनतारी संदेशांत तर हा भेद शब्दांनीच पक्का केलेला आहे. प्राणावर बेतणारे, तत्काळ साहाय्य न मिळाल्यास विनाश ओढवणारे संकट असेल, तर वैमानिक ‘मेडे’ हा शब्द तीन वेळा उच्चारतो. ‘मला मदत करा’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून तो घेतलेला आहे, आणि १९२७ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय करारात त्यास मान्यता मिळाली. परंतु प्रसंग चिंतेचा असूनही तत्क्षणी प्राणांतिक नसेल, तर ‘पॅन-पॅन’ असा दुसरा संकेत द्यावयाचा असतो. पहिला आणीबाणीचा, दुसरा तातडीचा. ‘पॅन-पॅन’च्या जागी ‘मेडे’ म्हणण्याची सवय सर्वांनी लावून घेतली, तर ज्याचे इंजिन खरोखर पेटले आहे त्याने कोणता शब्द उच्चारावा?

रुग्णालयातही हाच प्रश्न रोज उभा राहतो. आणीबाणीच्या विभागात आलेल्या रुग्णांची प्रथम निवड केली जाते. आधी आला तो आधी, हा बाजारातील न्याय तेथे चालत नाही. मोठमोठ्याने कण्हणाऱ्या मनुष्याच्या आधी निपचित पडलेल्या मनुष्याकडे डॉक्टर धावतो, कारण वेदना मोठी आणि धोका मोठा ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकून अर्धांगाचा झटका आला, तर गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला वा बोलणे अडखळू लागले, की वेळ न दवडता निघावयास हवे. परंतु असा झटका पुष्कळदा वेदनेवाचून येतो. घरातील मंडळी ‘सकाळपर्यंत पाहू’ म्हणतात, आणि औषधाची वेळ टळून जाते. उलट महिनाभर दुखणारी पाठ दाखविण्यासाठी, बाहेरची रांग टाळावी म्हणून, काहीजण त्याच विभागात येऊन बसतात. अर्थ न कळल्याने शब्दाची चूक दोन्ही बाजूंनी होते. जेथे म्हणावे तेथे म्हटला जात नाही, आणि जेथे म्हणू नये तेथे सर्रास म्हटला जातो.

कायद्याने ह्या शब्दाच्या पाठीशी बळ उभे केले आहे. परमानंद कटारा ह्यांच्या १९८९ मधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, जखमी मनुष्यास वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, आणि पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबविता येणार नाहीत. १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात, शासकीय रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे म्हणजे जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग होय, असा निर्णय झाला. ज्याप्रमाणे खऱ्या हाकेस संरक्षण, त्याप्रमाणे खोट्या हाकेस शासन. आगगाडीची साखळी पुरेशा कारणावाचून ओढणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४१ व्या कलमाखाली गुन्हा आहे. मागे राहिलेल्या मित्रासाठी साखळी ओढणाऱ्यास ती आपली ‘इमर्जन्सी’ वाटते खरी, परंतु त्याच गाडीत एखादा रुग्ण पुढील स्थानकावरील रुग्णवाहिकेची वाट पाहात असू शकतो.

व्यक्तीच्या बाबतीत जे खरे, ते राष्ट्राच्या बाबतीत अधिकच खरे. भारतीय संविधानाच्या अठराव्या भागात, ३५२ ते ३६० ह्या अनुच्छेदांत, आणीबाणीच्या तरतुदी आहेत. ‘गंभीर आणीबाणी’ ही त्यातील संज्ञा १९३५ च्या भारत सरकार कायद्यातून आलेली आहे. राष्ट्रीय आणीबाणी आजवर तीन वेळा पुकारण्यात आली. चिनी आक्रमणामुळे २६ ऑक्टोबर १९६२ रोजी पहिली घोषणा झाली. त्या युद्धातील तोफा महिन्याभरात थांबल्या, परंतु ती घोषणा १० जानेवारी १९६८ पर्यंत उठली नाही. मधल्या काळात १९६५ चे युद्धही होऊन गेले. दुसरी ३ डिसेंबर १९७१ रोजी, पाकिस्तानशी युद्ध पेटले तेव्हा. ती अंमलात असतानाच २५ जून १९७५ रोजी ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण देऊन तिसरी पुकारण्यात आली. वृत्तपत्रांवर नियंत्रण आले, सहस्रावधी लोक चौकशीवाचून स्थानबद्ध झाले, आणि २१ मार्च १९७७ रोजी ती मागे घेण्यात आली. ह्याच कालखंडात, १९७५ मध्ये, कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत ह्यांनी लेखनस्वातंत्र्याचा कैवार घेतला, हे मराठी वाचकांच्या स्मरणात आहेच. तेव्हापासून मराठीत ‘आणीबाणी’ म्हटले की प्रथम हाच कालखंड डोळ्यांपुढे उभा राहतो.

ह्या अनुभवानंतर १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शब्दाला कुंपण घातले. ‘अंतर्गत अशांतता’ ही सैल संज्ञा काढून तिच्या जागी ‘सशस्त्र बंड’ ही नेमकी संज्ञा घातली. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी असावा, एका महिन्याच्या आत संसदेच्या दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने संमती द्यावी, दर सहा महिन्यांनी ती पुन्हा घ्यावी, आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क कोणत्याही स्थितीत स्थगित होऊ नये, असे बंधन आले. एका शब्दाची व्याख्या बदलल्याने केवढा फरक पडतो, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. करोनाच्या साथीत जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी आरोग्यविषयक आणीबाणी जाहीर केली आणि ५ मे २०२३ रोजी ती संपल्याचेही सांगितले. भारतात मात्र त्या काळी ३५२ व्या अनुच्छेदाचा आधार न घेता २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने काम चालविण्यात आले.

आणीबाणीस मर्यादा असते, हा विचार काही पश्चिमेकडून आलेला नाही. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माचे स्वतंत्र प्रकरण आहे. छांदोग्य उपनिषदातील उषस्ति चाक्रायणाची कथा तर ह्या विषयावरील जणू भाष्यच आहे. कुरुदेशात गारांनी पिके बुडाली, तेव्हा उपाशी उषस्तीने एका माहुताजवळ त्याच्या ताटातील उष्टे कुळीथ मागून खाल्ले. माहुताने उष्टे पाणीही पुढे केले. ते मात्र उषस्तीने नाकारले. कुळीथ उष्टे नव्हते काय, असे माहुताने विचारता तो म्हणाला की, ते खाल्ले नसते तर प्राण राहिला नसता. पाणी मात्र हवे तेथे मिळते. प्राण वाचेपर्यंत नियम बाजूस, प्राण वाचताच नियम पुन्हा जागेवर! आणीबाणीची ह्याहून नेमकी व्याख्या कोणत्या कोशात मिळणार?

एके काळी दाराशी तारवाला आला की घरातील माणसांचे काळीज धडधडत असे, कारण तार ही गंभीर प्रसंगीच येई. ते तारखाते जुलै २०१३ मध्ये बंद झाले आणि निरोप क्षणात पोहोचू लागले. निरोप स्वस्त झाला, तसे त्यातील शब्दही स्वस्त झाले. कचेरीतील साध्या टिपणावर ‘इमर्जन्सी’, दुकानातील सवलतीच्या जाहिरातीवरही ‘इमर्जन्सी’! लांडगा आला रे आला, अशी रोज आरोळी ठोकणाऱ्या पोराची गोष्ट लहानपणी सर्वांनीच ऐकलेली असते. त्या गोष्टीत लांडगा शेवटी खरोखरच आला होता, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. घाईला घाई म्हणावे, तातडीला तातडी म्हणावे. आणि ज्या दिवशी खरोखर आणीबाणी येईल, त्या दिवसासाठी तो एक शब्द धारदार ठेवावा.