एक घमेले पाणी, दोन कामे

रायगड जिल्ह्यात पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो. पण चैत्र लागला की आमच्या गावच्या विहिरीचा तळ दिसू लागतो. एक हंडा भरायला ताटकळावे लागते. अशा दिवसांत घरी बदके पाळणे म्हणजे नसते लाड, असे पुष्कळांना वाटते. दोन वर्षांपूर्वी आमच्या आईनेही बजावले, "माणसांना पाणी नाय, नि बदकांना आंघोळी कसल्या घालतोस? विकून टाक." तिचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही आठवडाभर नोकरीच्या गावी; डोक्यावर हंडा येई तो तिच्या आणि सौभाग्यवतींच्या.

कारकुनाला दुसरे काय सुचणार? वही काढून पाण्याचा हिशेब मांडला. सहा बदकांना दहा लिटरचे घमेले दोन वेळा, म्हणजे रोज वीस लिटर. परसातली वांगी, मिरची, भेंडी, केळ आणि अळू यांना आणखी वीस. एकूण चाळीस. तेव्हा ध्यानात आले, की बदके पाणी पितात थोडे आणि गढूळ करतात फार. त्यांची विष्ठा मिसळलेले ते पाणी म्हणजे झाडांना आयते खत. मग बदकांचे घमेले झाडांच्या आळ्यात ओतू लागलो. चाळीसचे काम वीस-बावीस लिटरांत भागले. पाण्याच्या खेपा निम्म्या झाल्या.

बदकाला तळेच लागते, हा गैरसमज आहे. डोके पूर्ण बुडवून डोळे व नाकपुड्या धुता येतील इतके खोल भांडे त्याला पुरते. भांडे फणसाच्या किंवा आंब्याच्या दाट सावलीत ठेवावे. बदकाला घाम येत नाही. चोच उघडी ठेवून ते धापा टाकू लागले, की उष्मा सोसवत नाही असे समजावे. भांड्यातले पाणी संध्याकाळी झाडांच्या मुळाशी घालावे आणि आळ्यावर पालापाचोळा पसरावा, म्हणजे ओल टिकते. कोथिंबीर, पुदिना अशा कच्च्या खायच्या भाजीला मात्र हे पाणी घालू नये.

कोंबडी जमीन उकरते, तसे बदक उकरत नाही. अळवाच्या ओलीला येणाऱ्या गोगलगाई व किडे ते वेचून खाते. परंतु कोवळी रोपेही त्याला आवडतात. म्हणून रोपे वीतभर होईपर्यंत काट्याचे कुंपण हवे. बदके बहुधा पहाटे अंडी घालतात. त्यांना आठ-नऊ वाजल्याशिवाय खुराड्याबाहेर सोडू नये, नाही तर अंडी झुडपांत शोधत बसावे लागते. कणी-कोंडा भिजवूनच द्यावा आणि शेजारी पाणी ठेवावे. कोरडे खाणे त्यांच्या घशात अडकते.

आता आमची चूक सांगतो, म्हणजे इतरांकडून ती व्हायला नको. सुरुवातीला आमच्याकडे दहा बदके होती. स्वस्तात मिळाली म्हणून आणलेली शेंगदाण्याची पेंड ओलसर कोपऱ्यात राहिली आणि तिला बुरशी धरली. वरची बुरशी झटकून आम्ही ती घातली. कोंबड्या खाऊन धडधाकट राहिल्या. पण आठवड्याच्या आत चार बदके गेली. बुरशीचे विष बदकाला कोंबडीपेक्षा फार लवकर बाधते, असे गुरांच्या डॉक्टरांनी सांगितले. धाकट्या मुलीने विचारले, "पप्पा, तुम्हाला बुरशी दिसली होती ना?" आम्हाला उत्तर देता आले नाही. पेंडीत वाचवलेले पैसे वहीत जमेला धरायचे धाडस अजून झालेले नाही. ज्या जिवाला दावणीला बांधले, त्याला आपण खाणार नाही असे सडके घालू नये, एवढे मात्र घरात ठरले.

आणखी एक ठरले. रविवारी पाणी भरायचे ते आम्ही आणि थोरल्या मुलाने. पहिल्या रविवारी मान आखडली, तेव्हा हंड्याचे वजन कळले. हिशेबात लिटर मांडले होते, ते कोण वाहते हे मांडले नव्हते.

आई आता विकण्याची गोष्ट काढत नाही. गेल्या आठवड्यात तिने अळूची पाने खुडली आणि घमेले रिकामे करणाऱ्या मुलाला ओरडली, "अरे, वाटेवर काय ओततोस? केळीच्या बुंध्यात ओत!"