बी.एस्सी. नर्सिंग : चार वर्षांचे शिक्षण आणि आपले रुग्णालय

आमच्या रुग्णालयाच्या वॉर्डांत हातात नोंदवही घेतलेल्या विद्यार्थिनी आणि अलीकडे काही विद्यार्थीही रुग्णांच्या खाटांपाशी उभे असलेले आपण पाहिले असतील. नर्सिंग महाविद्यालयांतून प्रात्यक्षिकासाठी येणाऱ्या या मुलामुलींविषयी आम्हांस वर्षभर तीन प्रश्न विचारले जातात. रुग्णांचे नातेवाईक विचारतात, ‘ह्या शिकाऊ मुली आमच्या माणसाला हात का लावतात?’ पालक विचारतात, ‘आमच्या मुलीस या शिक्षणास घालावे काय?’ आणि हितचिंतक देणगीदार विचारतात, ‘शिकून निघून जाणाऱ्या मुलीवर विश्वस्त निधीतील पैसा का खर्चावा?’ या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या लेखात एकत्र देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

पदवी म्हणजे नेमके काय?

परिचर्येच्या शिक्षणाच्या तीन वाटा आहेत. सहायक परिचारिका प्रसाविका, म्हणजे ए.एन.एम., हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, जी.एन.एम. ही तीन वर्षांची पदविका, आणि बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची विद्यापीठीय पदवी. पदविका घेतलेल्या सिस्टरांना पुढे दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम करून पदवी मिळविता येते. आपल्या देशात परिचर्येचे पदवी शिक्षण १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर येथे सुरू झाले. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय १९६४ पासून हे शिक्षण देत आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या, नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी आज राज्यातील बहुतेक नर्सिंग महाविद्यालये संलग्न आहेत.

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ साली सुधारित अभ्यासक्रम लागू केला. त्यानुसार ही पदवी आठ सत्रांची आहे. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, जीवरसायनशास्त्र, आहारशास्त्र आणि परिचर्येची मूलतत्त्वे. दुसऱ्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र आणि प्रौढ रुग्णांची परिचर्या. पुढे बालरोग, मानसिक आरोग्य, सामाजिक आरोग्य, प्रसूतिशास्त्र, व्यवस्थापन आणि संशोधन असा क्रम आहे. आठवे सत्र संपूर्णपणे आंतरवासितेचे असून त्यात २२ आठवडे, दर आठवड्यास ४८ तास प्रत्यक्ष रुग्णसेवा करावयाची असते.

या रचनेतील एक नियम मुद्दाम सांगण्यासारखा आहे. परीक्षेस बसण्यासाठी ८० टक्के उपस्थिती चालते. परंतु पदवी हाती पडण्यापूर्वी प्रात्यक्षिकाची उपस्थिती शंभर टक्के भरून द्यावीच लागते. आजारपणाने चुकलेली पाळीदेखील नंतर भरून काढावी लागते. वॉर्डातील काम पुस्तकातून भरून निघत नाही, हे त्यामागील तत्त्व आहे.

रुग्णाच्या खाटेपाशी काय शिकले जाते?

परिचारिका म्हणजे डॉक्टरांच्या सूचना अमलात आणणारी व्यक्ती, असा समज सर्वत्र आढळतो. तो अपुरा आहे. अंथरुणास खिळलेल्या रुग्णास ठराविक वेळाने कुशीवर वळविणे ही साधी गोष्ट वाटते. त्यात हयगय झाली तर दाबाखालील त्वचेचा रक्तपुरवठा थांबतो, तेथे शय्याव्रण होतो आणि त्यातून जंतुसंसर्ग रक्तात पसरून रुग्ण दगावूही शकतो. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग १९७३ सालच्या हल्ल्यानंतर २०१५ साली निधन होईपर्यंत अंथरुणावर होत्या. एवढ्या प्रदीर्घ काळात त्यांना शय्याव्रण होऊ न देणाऱ्या तेथील परिचारिकांच्या सेवेचा सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालपत्रात गौरव केला. औषधाने साधत नाही ते परिचर्येने साधते, याचे याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

डॉक्टर रुग्णापाशी दिवसातून काही मिनिटे असतात. परिचारिका तिन्ही पाळ्यांत असतात. रात्री तीन वाजता रुग्णाचा श्वास जलद झाला, लघवीचे प्रमाण घटले, बोलणे असंबद्ध झाले, तर ते प्रथम त्यांच्याच लक्षात यावयास हवे. ते लक्षात येण्यासाठी शरीरक्रियाशास्त्र ठाऊक असावे लागते, आणि डॉक्टरांना झोपेतून उठविण्याचा आत्मविश्वासही असावा लागतो. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांतील चार लाखांहून अधिक शस्त्रक्रिया-रुग्णांच्या नोंदी तपासून २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी अधिक असलेल्या ठिकाणी, दाखल झाल्यापासून ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी आढळली. आणि एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की तीच शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. युरोपातील आकडे भिवंडीस जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तरी शिक्षण आणि पुरेसे मनुष्यबळ या दोन्ही गोष्टी एकदम लागतात, हा बोध येथेही खरा आहे.

म्हणूनच नातेवाईकांस आमची विनंती आहे की, विद्यार्थिनींस सहकार्य करावे. त्या कोणतेही काम शिक्षिकेच्या किंवा वॉर्डाच्या परिसेविकेच्या देखरेखीखालीच करतात. रुग्णाची इच्छा नसेल तर तसे सांगण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे. त्यामुळे उपचारात काहीही फरक पडत नाही.

प्रवेश आणि खर्च : पालकांसाठी

या पदवीचा निर्णय दहावीनंतरच करावा लागतो. बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय आवश्यक आहेत. खुल्या वर्गासाठी किमान ४५ टक्के गुण आणि वयाची सतरा वर्षे पूर्ण असणे ही अट आहे. दहावीनंतर कला किंवा वाणिज्य शाखा घेतलेल्या मुलीस जी.एन.एम.ची वाट मोकळी राहते, या पदवीची राहत नाही. महाराष्ट्रात राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाची परीक्षा देऊन केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून जागा मिळते.

राज्य शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. हा लाभ केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यासच मिळतो. संस्थास्तरावरील जागेसाठी घाईने पैसे भरण्यापूर्वी पालकांनी हे ध्यानी घ्यावे. महाविद्यालयास परिचर्या परिषदेची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता आहे, याची खात्री करून घ्यावी. हे शिक्षण घरबसल्या होत नाही. तसे सांगणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहावे.

खरी अडचण कोठे आहे?

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावी मराठी, उर्दू आणि हिंदी माध्यमांच्या शाळांतून आलेल्या मुली या शिक्षणाकडे वळतात. रुग्णसेवेस त्या कचरत नाहीत. त्या अडखळतात त्या पहिल्या दोन सत्रांत, कारण अध्यापन आणि परीक्षा इंग्रजीतून असतात आणि शरीररचनाशास्त्राचे प्रत्येक पान नव्या शब्दांनी भरलेले असते. त्यातच शुल्क माफ झाले तरी वसतिगृह, भोजन, पुस्तके, गणवेश आणि प्रवास यांचा खर्च राहतोच. माग बंद पडले की ज्या घरात त्या आठवड्याची मजुरी येत नाही, त्या घरची मुलगी पहिल्याच वर्षी शिक्षण सोडण्याची भीती सर्वाधिक असते.

आणि याच मुली या गावास हव्या आहेत. आमच्या वॉर्डांत मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू आणि भोजपुरी बोलणारे रुग्ण एका रांगेत असतात. २०२२ च्या अखेरीस भिवंडीत गोवराची साथ आली, तेव्हा दारोदार जाऊन आयांशी त्यांच्या भाषेत बोलणे आणि लसीविषयीची शंका फेडणे हेच साथ आवरण्याचे मुख्य काम होते. सामाजिक आरोग्य परिचर्या या विषयात नेमके हेच शिकविले जाते.

देणगीदारांस निवेदन

शिकलेली परिचारिका मुंबईस किंवा आखाती देशांत जाते, हे खरे आहे, आणि आम्ही ते लपवू इच्छित नाही. चांगल्या वेतनासाठी जाण्याचा तिला हक्कही आहे. परंतु जिचे घर, आईवडील आणि भाषा येथे आहे, तिला येथे राहण्याचे कारण इतरांपेक्षा अधिक असते. वेळेवर वेतन, सुरक्षित निवास आणि पाळ्यांचे सुसह्य नियोजन देऊन ते कारण बळकट करणे हे आमचे काम आहे. जी जाईल, तीही चार वर्षे आपल्याच परिसरातील रुग्णांपाशी शिकलेली असेल.

यंत्र घेतले की ते ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूस दिसते, त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते आणि दरवर्षी त्याचा घसारा वजा होतो. विद्यार्थिनीस दिलेले साहाय्य खर्चाच्या बाजूस एका ओळीत संपते. हिशेबाच्या नियमांप्रमाणे ते योग्यच आहे. मात्र त्या ओळीतून तयार झालेले ज्ञान वर्षागणिक वाढत जाते, हे ताळेबंद सांगू शकत नाही.

म्हणून आमची नम्र विनंती आहे की, आपल्या देणगीचा काही भाग पहिल्या दोन सत्रांतील विद्यार्थिनींची पुस्तके, प्रवास, भोजन आणि इंग्रजीची शिकवणी यांसाठी राखून ठेवण्यास आपण अनुमती द्यावी. मदत तेथे पोहोचली, तर पुढील तीन वर्षे त्या स्वतःच्या बळावर पार पाडतील, असा आम्हांस विश्वास वाटतो.